जुनी मोटार घेताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आज बोलायला उभे केले आहे ते माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे, माझ्या फजितीमुळे. आपल्या मंडळात लोणच्यांवर, मुलांच्या अभ्यासावर, फार तर पोस्टातल्या बचतीवर व्याख्याने होतात. मोटारीवर बोलणारी मी बहुधा पहिलीच. पण गेल्या वर्षभरात आपल्यापैकी तिघीजणींनी भिशीच्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारले, "काकू, जुनी गाडी घ्यायचं चाललंय, काय पाहावं हो?" तेव्हा ठरवले की एकदाच सर्वांपुढे सांगून टाकावे. मी मोटारशास्त्रातली जाणकार नव्हे. मला मोटार चालवताही येत नाही. पण एकदा फसले आणि एकदा बरी वस्तू पदरात पडली, एवढ्या भांडवलावर बोलते.

पहिली गाडी आम्ही २०२१ च्या डिसेंबरात घेतली. सूनबाईंना रोज भुसावळला नोकरीला जावे लागे, आणि आमच्या घरच्यांना तपासणीसाठी दर दोन महिन्यांनी संभाजीनगरला न्यावे लागे. माणसे पाच, सामान बरेच, म्हणून डिकीची गाडी हवी होती. नवी मधल्या आकाराची सेडान घ्यायची तर दहा-बारा लाखांची गोष्ट. जुनी चार-पाच लाखांत मिळते. चिरंजीवांनी मोठ्या शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे एक पांढरी गाडी हेरली. २०१४ ची, मीटरवर अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर, किंमत चार लाख दहा हजार. त्यांतले एक लाख वीस हजार माझ्या भिशीचे होते.

आम्ही सगळे गाडी पाहायला गेलो. पुरुषमंडळी बॉनेट उघडून उभी राहिली. मला तो व्यापारी म्हणाला, "मावशी, तुम्ही आत एसीत बसा, चहा सांगतो." मी चहा न घेता गाडीत जाऊन बसले. बसल्या बसल्या दोन गोष्टी दिसल्या. ब्रेकच्या पायटीवरचे रबर अगदी गुळगुळीत झाले होते, त्यावरची नक्षी पार गेलेली. आणि आत अत्तराच्या बाटलीचा वास दरवळत होता, पण त्याच्याखाली दुसरा एक वास होता. पावसाचे पाणी शिरलेल्या कोठीत गोणपाट ओले होऊन वाळले की येतो तसा. मी म्हटले, "वास येतोय." चिरंजीव म्हणाले, "आई, बंद गाडीला येतोच." व्यापारी हसला. मग मीही हसले आणि गप्प बसले. भगिनींनो, ते हसणे आम्हाला अडीच लाखांना पडले.

मे महिन्यात संभाजीनगरला निघालो होतो. फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट चढताना पुढून वाफ येऊ लागली. उष्णतेचा काटा पार टोकाला. भर दुपारी, यांची प्रकृती तशी, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला झाडाची सावली शोधतो आहोत. एका एसटीच्या चालकाने गाडी थांबवून पाण्याचा कॅन दिला, त्या गृहस्थाची मी आजही आठवण काढते. गाडी दोरखंडाने ओढून आणावी लागली. जळगावच्या गॅरेजमधल्या मेस्त्रींनी डिकीतले जादा चाक उचलले, तर त्याच्या खड्ड्यात वाळलेला गाळ. गालिच्याखाली पत्रा गंजलेला. आणि कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात जुनी नोंद काढली तेव्हा कळले, की २०१९ सालीच ही गाडी एक लाख बारा हजार किलोमीटर चाललेली होती. मीटर मागे फिरवले होते. पायटीचे रबर खरे बोलत होते आणि मीटर खोटे.

अशी फसगत होते ती आपण भोळ्या म्हणून, असे मला पूर्वी वाटे. पण अमेरिकेतील जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली याच जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. तिकडे बिघडक्या मोटारीला लिंबू म्हणतात. त्यांचे म्हणणे सोपे आहे. विकणाऱ्याला गाडी ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीत भीत मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक गाडी विकायला तयार होत नाही, आणि बाजारात लिंबेच उरतात. यावर घेणाऱ्याच्या हाती उपाय एकच. विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते होईल तितके आपण जाणून घ्यायचे. ते जाणणे म्हणजे इंजिन उघडणे नव्हे. भरिताचे वांगे घेताना आपण ते कापून पाहतो का? देठ पाहतो, हातात तोलतो, भोक शोधतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही पाच गाड्या पाहिल्या, आणि या वेळी पुढे मी होते. माझ्या पिशवीत विजेरी, जुना पांढरा फडका, फ्रिजवरचे लोहचुंबक आणि वही.

पहिली गोष्ट, गाडी सकाळी, मालकाच्या घरी आणि इंजिन थंड असताना पाहायची. आपण जाण्याआधीच इंजिन चालू करून गरम केलेले असले, तर समजावे की थंडपणी सुरू होताना ती काहीतरी बोलते आणि ते आपल्या कानी पडू नये अशी व्यवस्था आहे. बॉनेटवर तळहात ठेवला की कळते. सुरू करताना एकीने मागे उभे राहून सायलेन्सरकडे पाहावे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खाते. पांढरी वाफ गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर थंडाव्याचे पाणी आत जळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही. नंतर इंजिन बंद करून तेलाचे झाकण उघडावे आणि आतल्या बाजूने फडका फिरवावा. तेथे ताकाच्या सायीसारखा पांढरट थर निघाला तर तेलात पाणी मिसळत असल्याची शंका धरावी. पाण्याच्या टाकीत आमटीच्या तर्रीसारखा तेलाचा तवंग दिसला तरी तेच. मात्र गरम रेडिएटरचे झाकण कोणीही उघडू नका, पाणी तोंडावर उडते.

आता वासाविषयी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझे पैसे त्यात गेले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या जळगावला वर्षभरात पडतो त्याहून जास्त. त्या दिवशी असंख्य मोटारी बुडाल्या. २०१५ साली चेन्नई बुडाले, २०१९ आणि २०२१ साली सांगली-कोल्हापूर. बुडालेली गाडी काही समुद्रात टाकत नाहीत. ती धुऊन, पुसून, दूरच्या गावी विकायला येते, जिथे पुराची कोणाला आठवण नसते. आपल्यासारख्या कोरड्या मुलखात तर कोणी संशयही घेत नाही. तेव्हा काचा बंद करून पाच मिनिटे आत बसायचे, एसी बंद ठेवून. अत्तर लावलेले असेल तर ते काढून ठेवायला सांगायचे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहायचा. धुणारा वरचा पट्टा धुतो, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ राहते. बाकाखाली विजेरी टाकून लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का ते पाहायचे. डिकीतले जादा चाक उचलायचे. पुढच्या दिव्यांच्या आत पाण्याची रेषा दिसते का पाहायचे. यातले एकही काम असे नाही की जे दिवाळीच्या सफाईत आपण केले नसेल.

मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तो शेवटी. घरगुती गाडी वर्षाला साधारण दहा-बारा हजार किलोमीटर चालते असे धरतात. आकडा त्याहून फार कमी असला की झीज बघावी. पायटीची रबरे, गिअरच्या दांड्याची मूठ, स्टीअरिंगचे कातडे, चालकाच्या बाकाची दाराकडची कड. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, त्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. वीस हजार चाललेल्या गाडीला चारही टायर बदललेले कसे, हे विचारायला शिक्षण लागत नाही. आणि मालकासमोर कंपनीच्या केंद्रात जुन्या दुरुस्त्यांची नोंद मागावी. खळखळ करणाऱ्याची गाडी सोडून द्यावी.

अपघात झालेली गाडी ओळखायला सकाळचे तिरपे ऊन चांगले. दाराच्या लांबीवर नजर धरून पाहिले की लाटा दिसतात. चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवले, आणि एखाद्या जागी ते चिकटेना, तर तेथे लांबी भरून वर रंग दिला आहे. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असला तर त्यांना पाना लागलेला आहे. किरकोळ डेंटिंग-पेंटिंगला मी नावे ठेवत नाही. आपल्या गल्लीबोळांतून ते होणारच. पण पुढचा मूळ सांगाडा वाकून सरळ केलेला असेल तर मेस्त्रींना खालून पाहू द्यावे.

धुळ्याला आम्ही एक फार देखणी गाडी पाहिली. चावी फिरवली की पुढच्या फळीवर सगळे इशाऱ्याचे दिवे लागतात आणि क्षणभराने विझतात. त्या गाडीत एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. सूनबाईंच्या ते ध्यानात आले. मेस्त्री म्हणाले, "ताई, दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नव्हे. तो दिवाच काढून टाकलाय." एअरबॅग एकदा फुटून गेल्या होत्या आणि नव्या बसवल्याच नव्हत्या. एअरबॅगवरून आणखी एक सांगते. जपानच्या ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगांमुळे जगभर कोट्यवधी मोटारी परत बोलावल्या गेल्या, त्यांत आपल्याकडच्या जुन्या होंडा सिटीही होत्या. बदल फुकट करून मिळतो, पण जुन्या मालकाने तो करून घेतलेला असतोच असे नाही. चासिसचा क्रमांक दिला की कंपनी सांगते.

तुम्ही म्हणाल, एवढे करण्यापेक्षा कोणती गाडी चांगली तेवढे नाव सांगा. तसे नाव मला सांगता येत नाही. सिटी, सियाझ, व्हर्ना, या सगळ्यांच्या उत्तम गाड्या मी पाहिल्या आणि टाकाऊही पाहिल्या. नावावरून फक्त एवढे पाहावे की तिचे सुटे भाग आणि हात लावणारा माणूस आपल्या गावात आहे का. फियाट लिनिया, फोक्सवॅगन व्हेंटो, टोयोटा इटिऑस यांचे उत्पादन बंद झालेले आहे. घेण्यापूर्वी आपल्या मेस्त्रींना विचारावे. इटिऑससारख्या गाड्या टॅक्सी म्हणूनही पुष्कळ चालल्या, तेव्हा पिवळ्या पाटीची पांढरी झालेली तर नाही ना, हे नोंदीत पाहावे. आणि घरच्यांना डिझेलचा मोह असेल तर त्यांना सांगा, १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळीची जाळी असते, ती साफ राहण्यासाठी लांब पल्ल्याची धाव लागते. मेहरूण ते भाजीबाजार एवढ्या फेऱ्यांसाठी ती गाडी नव्हे.

चालवून पाहायची वेळ आली की मालकाने रेडिओ लावला तर तो बंद करावा. आम्ही मोकळ्या जागी स्टीअरिंग एका टोकापर्यंत वळवून हळू गोल फिरलो. चाकाजवळून टकटक आली तर ॲक्सलचा सांधा झिजलेला. मग गतिरोधकांवरून सावकाश गेलो, नंतर इच्छादेवी चौकातून महामार्गावर. मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का हे सूनबाई पाहत होत्या. मी मागे बसून ऐकत होते, घरातल्या शिलाई मशीनचा आवाज बदलला की आपल्याला पलीकडच्या खोलीतून कळतो तशी.

आता कागद. कंटाळवाणा भाग आहे, पण गाडी वाईट निघाली तर पैसे जातात, आणि कागद वाईट निघाले तर कोर्टात जावे लागते. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घातला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, कर्जाचा बोजा दिसतो. दंडाच्या पावत्याही पाहता येतात. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३०. परप्रांतातल्या गाडीला तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत पत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो, तेव्हा स्वस्त दिसणारी गाडी तशी राहत नाही. कायद्याने घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंद करायची असते, विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवायचे असते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यालाही परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र लागते, ते दाखवा म्हणावे. आणि ज्या भगिनी आपली गाडी विकणार आहेत त्यांनी हे ऐकून ठेवावे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गाडी विकली पण नोंदीतले नाव तसेच राहिले, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येते.

विम्याच्या कागदात एक खूण आहे, ती मला फार आवडली. जो मालक वर्षानुवर्षे दावा करत नाही त्याला बोनस मिळतो, तो वाढत वाढत पाच वर्षांनी पन्नास टक्क्यांवर जातो. सहा वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या विम्यावर तो बोनस शून्य दिसला, तर हसून विचारावे, "मागच्या वर्षी काय झालं होतं हो?"

आता मघाशी जे टाळले ते सांगते. पहिली गाडी २०२२ च्या दिवाळीनंतर विकायला काढली. पाच-सहा महिन्यांत तिच्यावर आणखी पैसे गेले होते. घरात दोन मते पडली. चिरंजीव म्हणाले, "आपल्याला कोणी सांगितलं होतं? आपणही सांगायचं नाही." त्याचा राग खोटा नव्हता. तेवढा पैसा जमवायला त्याला किती दिवस लागले हे मला ठाऊक आहे. दोन दिवस जेवताना कोणी कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एक तरुण जोडपे गाडी पाहायला आले. ती मुलगी गाडीत बसली आणि तिने नाक किंचित आक्रसले. नवरा बाहेर चिरंजीवांशी बोलत होता. ती काही बोलली नाही. अगदी माझ्यासारखीच गप्प बसली. मी तिला आत बोलावून सगळे सांगितले, पुरासकट, मीटरसकट. ते दोघे गेले. गाडी शेवटी एका भंगार आणि सुट्या भागांच्या व्यापाऱ्याने सगळे ऐकून एक लाख साठ हजारांना नेली. चिरंजीव महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होते. मी त्यांना दोष देत नाही.

दुसरी गाडी २०२३ च्या फेब्रुवारीत घेतली. २०१६ ची पेट्रोलची सिटी, एकसष्ट हजार चाललेली, एका निवृत्त गृहस्थांची. त्यांनी प्रत्येक दुरुस्तीची पावती तारखेवार लावून ठेवली होती. मागितले पाच लाख पंचाहत्तर हजार. मेस्त्रींना पाचशे रुपये देऊन अर्धा दिवस नेले. त्यांनी सांगितले, क्लचप्लेट वर्षभरात बदलावी लागेल, दोन टायर २०१६ चेच आहेत, मागचे शॉकअप थकलेले आहेत. मी ते वहीत खर्चासह लिहिले आणि वही त्या गृहस्थांपुढे ठेवली. घासाघीस फार झाली नाही. ते म्हणाले, "बाई, हिशेब बरोबर आहे," आणि पाच लाख तीस हजारांवर ठरले. नाव लागेपर्यंत पन्नास हजार मागे ठेवले.

एवढे करूनही एक सुटलेच. गाडी पाहिली फेब्रुवारीत, हवा गार. एसी लावला तो पाचच मिनिटे, तेव्हा थंड वाटला. एप्रिलात आपल्याकडे पारा चढला आणि एसीने मान टाकली. वायू गळत होता, अकरा हजार गेले. तेव्हा थंडीत गाडी घेणार असाल तर भर दुपारी उन्हात उभी करून, इंजिन चालू ठेवून, एसी अर्धा तास चालवून पाहा. आपला उन्हाळा काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

क्लचप्लेट मेस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे वर्षभरातच बदलली. गेल्या मे महिन्यात तीच गाडी अजिंठ्याचा घाट चढली. मी काट्यावर डोळा ठेवून बसले होते. काटा मध्यावर होता, तिथेच राहिला. हे म्हणाले, "आता तरी बाहेर बघ."

येत्या रविवारी आपल्यापैकी एक भगिनी शिरसोली रस्त्याला गाडी पाहायला जाणार आहेत. त्यांनी मला सोबत बोलावले आहे. आणखी कोणाला शिकायला यायचे असेल तर सकाळी सातला निघायचे आहे, इंजिन गार असताना. विजेरी मी घेईन, चुंबक कोणीतरी आणा. माझे नातवाने हरवले आहे.